वाघर उजव्या अंगाला

१२ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

आज दुपारी बसल्या बसल्या फोनवर माझंच नाव शोधलं. तारामती नावाच्या पुष्कळ निघाल्या. एक नगरसेविका, एक भजनी मंडळाची अध्यक्ष, एक चक्क साडीचं दुकान. मी कुठंच नव्हते. चौतीस वर्षं आरोग्य सेविका म्हणून परंड्याच्या आसपासची सात गावं पायाखाली घातली, दोन पिढ्यांना लस टोचली, मे महिन्यात निवृत्त झाले, आणि शोधायला गेलं तर मी नाहीच.

ह्यांना, म्हणजे आमच्या रामहरीरावांना, सांगितलं. ते म्हणाले, "मग आता भाकरी कुणाला मागायची म्या?"

हसण्यावारी नेलं. पण माझं ठरलंय. स्वतःची वेबसाईट करायची. करून घ्यायची नाही, करायची.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

स्टँडच्या मागं गौरीशंकर सरांचा कॉम्प्युटर क्लास आहे. दुपारी दोन ते चार तिथं कुणी नसतं. सर चाळिशीतले, चष्मा कपाळावर सरकवून बोलायची सवय. मला बघून उठून उभे राहिले.

"सिस्टर, तुमी मला टोचलंय. दुसरीत हुतो. पळालो तर शाळेच्या गेटातनं धरून आणलं हुतं तुमी."

मला आठवेना. पळणारी फार होती.

सर म्हणाले, तयार वेबसाईटी मिळतात, नुसतं नाव भरायचं. मी म्हणाले, तसली नको. मग त्यांनी कोरी फाईल उघडून दिली आणि म्हणाले, "टाका पायाचा दगड."

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

आज दीड तास वाया गेला, पण वाया म्हणवत नाही.

वेबपानाच्या भाषेत खुणा असतात, त्यांना टॅग म्हणतात. एक उघडायचा, मधे आपला मजकूर, मग तोच टॅग तिरकी रेघ देऊन बंद करायचा. मी माझं नाव ठळक करायला टॅग उघडला आणि बंद करायला विसरले. अख्खं पान ठळक झालं. नाव, गाव, शिक्षण, सगळं ओरडल्यासारखं. सर चहा प्यायला गेलेले. वरून खाली, खालून वर शोधलं. शेवटी सापडली ती जागा. एक तिरकी रेघ घातली आणि सगळं पान एकदम खाली बसलं.

एकटीच होते, तरी टाळी वाजवली.

३ डिसेंबर, मंगळवार

वेबसाईट सुरू झाली! वर माझा निरोप समारंभातला फोटो, खाली "माझ्याविषयी". तळाला किती जणांनी पाहिलं त्याचा आकडा आणि अभिप्रायाची चौकट. कुणी अभिप्राय दिला की तो आधी माझ्याकडं येतो. मला दोन बटणं दिसतात: "मंजूर" आणि "पुसा". सर म्हणाले, मालक तुम्ही.

नातेवाइकांच्या ग्रुपवर पत्ता टाकला. फुलं आली, हात जोडलेले आले. आकडा संध्याकाळपर्यंत चौदा. त्यातले पाच तरी मीच.

१९ डिसेंबर, गुरुवार

आकडा एकोणीसवर अडकलाय.

खरं लिहायचं तर "माझ्याविषयी" सात ओळींत संपलं. नेमणूक, बदली, बदली, प्रशस्तिपत्र, निवृत्ती. आठवी ओळ सुचेना. सरांना विचारलं तर म्हणाले, "सिस्टर, हे तुमच्या सर्व्हिस बुकात पण असंल की. जे कुठंच लिहिलेलं न्हाय ते टाका."

घरी येईपर्यंत तेच डोक्यात. कुठंच न लिहिलेलं काय आहे माझ्याकडं? मग बाबांचे मुक्काम आठवले. आमचे बाबा हरिबा, ईट गावचे, मेंढपाळ. दिवाळी झाली की दीडशे मेंढरं, दोन घोडी, घोडीवर बिऱ्हाड आणि बिऱ्हाडावर मी. पावसाळ्यापर्यंत घरी यायचं नाही. शेतकरी बोलवायचे, रानात मेंढरं बसवा म्हणून, खत होतं. शाळेत जायच्या आधी मी दोन हिवाळे अशी फिरलेय.

आज एका बैठकीत "बाणगंगेचा मुक्काम" असं पान लिहिलं. कागदावर नकाशा काढून त्याचा फोटो पण लावला. मेंढरांभोवती लावायचं जाळीचं कुंपण, आम्ही त्याला वाघर म्हणतो, ती कुठं, चूल कुठं, ओढा कुठं, सगळं दाखवलं.

जेवायची आठवण ह्यांनी करून दिली.

२७ डिसेंबर, शुक्रवार

पहिला अभिप्राय आला. नाव नाही. जसाच्या तसा उतरवते:

"वाघ घर डाव्या अंगाला न्हवतं उजव्या अंगाला होतं डाव्या अंगाला वढा होता ऐकून लई हसू आलं"

वाघ घर म्हणजे काय ते दहा मिनिटं कळेना. बाणगंगेला वाघ कुठला! मग उलगडलं: वाघर. माणूस कमी शिकलेला दिसतो. ना पूर्णविराम, ना शुद्धलेखन. आणि "वाचून" लिहायचं तर "ऐकून" लिहिलंय.

पण डोळे मिटून ती जागा आठवली. बिऱ्हाड दक्षिणेला बघायचं, आणि सकाळी तोंड धुवायला ओढ्यावर जायचे तेव्हा सूर्य समोर असायचा; ओढा डाव्याच अंगाला. म्हणजे त्याचंच बरोबर. वाघर उजवीकडं. नकाशा नवा काढून लावला आणि अभिप्राय मंजूर केला.

६ जानेवारी २०२५, सोमवार

निनावी माणसाचे तीन अभिप्राय झाले. एकदा लिहिलं, चूल दगडाची नव्हती, ढेकळाची होती. दुसऱ्यांदा लिहिलं, लाल घोडीचं नाव मी चुकवलंय. (चुकवलं होतं.) मी खाली विचारलं, "आपण कोण?" उत्तर आलं, "आपलंच मानूस".

आकडा पण रोज सकाळी सातच्या सुमाराला एकानं वाढतो. न चुकता.

मला वाटतं हा बलभीम. बाबांच्या हाताखाली पोरगा होता, आईबापाविना, मेंढरामागं असायचा. आता पासष्टीचा असेल. एवढं बारीक त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक असणार? मी आता "बलभीमदादा" म्हणूनच उत्तर देते. तो नाही म्हणत नाही.

सकाळी उठून आधी फोन बघायची सवय लागली आहे. ह्या वयात चांगली नाही. पण जीव रमतो.

२० जानेवारी, सोमवार

"नावं" असं नवीन पान केलं. कळपातल्या जनावरांना आम्ही काय काय नावं ठेवली होती ते. चार शेळ्याही असायच्या, पोरांच्या दुधाला. त्यातली चांदी एकदा पडक्या विहिरीत पडली आणि तिला जिवंत बाहेर काढलं, ते लिहिलं. बलभीमदादाचं उत्तर:

"इहिरीत पडली ती चांदी न्हवं भुंडी होती चांदीला शिंगं होती शिंगाला धरून काढली असती भुंडीला काय धरनार ए तिकडं जाऊ नको म्हनून पोटाला दोरी बांधली आनी वर वढली"

मधेच मला "तिकडं जाऊ नको" असं का सांगतोय कळलं नाही. विहिरीच्या गोष्टीत काय एवढं लपवायचं? दोन-तीनदा वाचलं. असो.

दोरी बांधायला खाली कोण उतरलं होतं ते मला आठवत नाही. मी काठावर आईच्या लुगड्याला धरून होते. बलभीमदादाच उतरला असणार. दुरुस्ती केली: चांदी काढून भुंडी. सर म्हणाले, "सिस्टर, तुमची साईट तुमी कमी आन तो मानूसच जास्त लिहितोय."

२ फेब्रुवारी, रविवार

ह्यांनी जेवताना विचारलं, "तुझ्या अक्काला दाखवलंस का हे समदं?"

मी म्हणाले, अक्काला काय दाखवायचं, तिला वाचता येतं का? आणि आठ वर्षं ती माझ्याशी बोलत नाही.

इथं खरं लिहून ठेवते. अक्का म्हणजे दैवशाला, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. मेंढपाळाच्याच घरात दिली, अजून मुलाबरोबर मेंढरं घेऊन फिरते. आई शेवटी तिच्याकडं होती, रानात, मुक्कामावर. तिथंच गेली. दहाव्याला मी एवढंच म्हणाले की वेळेत दवाखान्यात नेलं असतं तर आई वाचली असती, तुम्हा लोकांना कळत नाही. चारचौघांत म्हणाले, पण खोटं काय होतं त्यात? न्यूमोनिया होता. मी आरोग्य खात्यातली, मला कळत होतं. अक्का उठून भाकरी थापायला गेली. तेव्हापासून लग्नाकार्यात ती मांडवाच्या त्या टोकाला आणि मी ह्या टोकाला.

हे म्हणाले, "कृष्णराजनं तिला मोठा फोन घिऊन दिलाय म्हनं." कृष्णराज तिचा मुलगा.

मेंढरामागं मोठा फोन कशाला, मी म्हणाले. ह्यांनी ताट पुढं सरकवून कढी मागितली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज लिहिलेलं पान आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं झालंय. "मी शाळेत गेले" असं नाव दिलं. बाबा निरक्षर, पण त्यांनी मुलीला ईटला आत्याकडं ठेवून शाळेत घातलं. त्या काळात, आमच्या समाजात, ही साधी गोष्ट नव्हती. त्यात एक वाक्य असं: "थोरल्या दैवशालेला शाळेची आवड नव्हती, ती मेंढरांतच रमायची, म्हणून बाबांनी मला पाठवलं."

ह्यांना वाचून दाखवलं. त्या वाक्याला ते उठले आणि बैलाला पाणी दाखवायला गेले. बैलाला पाणी दाखवून अर्धा तास झाला होता.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बलभीमदादाचं उत्तर आलं. दोनच शब्द.

"आवड होती"

या वेळी एकही चूक नाही.

राग आला. आमच्या घरातलं ह्याला काय माहीत? "पुसा"वर बोट नेलं होतं. दाबलं नाही. मंजूरही केलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

क्रमानं लिहिते.

आज बाजारात बलभीमदादा दिसला. खराखुरा. मिरच्यांच्या ढिगांपाशी नातीचा हात धरून उभा होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. खिशात बटणाचा फोन, तोही नातच लावून देते. मी म्हणाले, दादा, तुम्ही माझ्या वेबसाईटवर लिहिता ना?

"मला लिवायला कोन शिकिवलं, सिस्टरबाई?" तो हसला. "म्या अंगठ्याचा मानूस."

मग मी भुंडीचं विचारलं. विहिरीत तुम्ही उतरला होता ना?

"म्या? म्या वर रडत हुतो. इहिरीत तुमची अक्का उतरली. कमरंला दोर बांधून. धा वर्साची पोर! शेळी बी वर आली आन पोरगी बी. तवाच तर तुमचा बा म्हनला, ही पोरगी मेंढरावर धा गड्यांची हाय, हिला न्हाय पाठवत शाळंला. लिवायची पाटी आनली हुती की तिच्यासाठी. भूमच्या बाजारातनं. मग ती तुमाला दिली."

मिरच्या न घेताच निघाले.

घरी आले. हे ओट्यावर शेंगा फोडत होते. मी काही बोलायच्या आधीच म्हणाले, "कळलं व्हय?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"वाघर उजव्या अंगाला हुती म्हनून भांडनारी तुज्या घरात दुसरी कोन हाय?"

ती बोलते आणि फोन लिहितो. "ए तिकडं जाऊ नको" हे मला नव्हतंच, मेंढराला होतं. आणि "ऐकून हसू आलं" म्हणजे ऐकूनच. चौतीस वर्षं मी लोकांचं ऐकून घ्यायची नोकरी केली आणि एवढं मला कळलं नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दोन दिवस त्या पाटीचाच विचार करतेय. लाकडी चौकट, एका कोपऱ्यात टवका. ती आधी दुसऱ्या कुणाच्या हातात होती हे मला कधी सुचलंच नाही. अक्कानं ती मला दिली तेव्हा तिचं तोंड कसं होतं? काही केल्या आठवत नाही. मी पाटीकडं बघत असणार.

आज सरांना म्हणाले, ते वाक्य चूक आहे, काढायचंय. सर म्हणाले, काढा की, कुणाला कळतंय. मी म्हणाले, तसं नको. मी चुकले हे दिसलं पाहिजे. मग त्यांनी एक नवा टॅग दाखवला. त्यानं शब्दांवर आडवी रेघ येते, शब्द खाली तसेच राहतात.

रेघ मारली. खाली लिहिलं: "हे खोटं आहे. तिला आवड होती. पाटी तिच्यासाठी आणली होती. ती कामाची होती म्हणून तिला ठेवून घेतलं. भुंडीला विहिरीतून तिनं काढलं." आणि तिचे ते दोन शब्द मंजूर केले.

५ मार्च, बुधवार

पंधरा दिवस झाले. एक शब्द नाही.

आकडा मात्र सकाळी सातला वाढतो. म्हणजे ऐकते. ऐकते आणि गप्प बसते. ह्याच्यापेक्षा आकडा वाढला नसता तर बरं झालं असतं. मी काय वाईट लिहिलं? का उशीर झाला? का अशा गोष्टी चारचौघांच्या पानावर लिहायच्या नसतात? एकदा चारचौघांत बोलूनच तर सगळं बिघडलं होतं.

सरांनी फोटोंच्या रांगा कशा लावायच्या ते शिकवलं. नीट शिकले नाही.

७ मार्च, शुक्रवार

आला!

"बेंबळीच्या फुडं हाय ज्वारी निघाल्यात आठ दिस हाय मंग फुडं जानार"

बस एवढंच. ये म्हटलेलं नाही. ह्यांना वाचून दाखवलं. "पत्ता दिलाय की," हे म्हणाले. "आनखी काय सनई लावून बोलवायचं व्हय?"

९ मार्च, रविवार

पहाटेच्या गाडीनं बार्शी, तिथून धाराशिव, तिथून बेंबळी. हे बरोबर यायला निघाले होते, मीच नको म्हणाले. धपाटी केली होती, शेंगाची चटणी, दही वेगळ्या डब्यात. बेंबळीला उतरून विचारत विचारत गेले. गावाच्या पुढं अर्ध्या तासावर कापलेल्या ज्वारीचं रान, त्यात मेंढरं. लांबूनच दिसलं, वाघर उभी होती, शेजारी बाभळीखाली बिऱ्हाड.

अक्का एका कोकराला मांडीत धरून त्याच्या खुरातला काटा काढत होती. गळ्यात कापडी पिशवी, पिशवीत फोन. केस सगळे पांढरे झालेत. आठ वर्षांत मी एवढ्या जवळून पाहिलंच नव्हतं. मान वर न करता म्हणाली, "डबा आनलाय का मोकळीच आलीस?"

"धपाटी आणलीत."

"मंग बस."

बसले. काटा निघाल्यावर तिनं कोकरू सोडलं, हात धुतले, धपाट्याचा तुकडा तोंडात घातला आणि म्हणाली, "मीठ कमी हाय." मग दुसरं घेतलं.

मी म्हणाले, "अक्का, मी ते खोटं लिहिलेलं रेघ मारून काढलं. खाली खरं लिहिलं. तू बोलली नाहीस."

"रेघ?" तिनं पिशवीतून फोन काढला. "कुठली रेघ?"

तिनं बोटानं दोनदा काहीतरी केलं आणि फोनमधली बाई माझं पान वाचू लागली. एका सुरात, न थांबता. "थोरल्या दैवशालेला शाळेची आवड नव्हती ती मेंढरांतच रमायची म्हणून बाबांनी मला पाठवलं हे खोटं आहे तिला आवड होती."

"ऐकलंस?" अक्का म्हणाली. "रेघ मला कुठं दिसती? ही बाई दोन्ही वाचती. आदी आवड न्हवती म्हनती, मंग आवड होती म्हनती. म्या म्हनलं, हिचं एक काय ते ठरू दे, मंग बोलू."

मी तोंडाला पदर लावला. हसायला येत होतं का रडायला, मलाच कळेना. अक्का मात्र सरळ हसली. बाबांसारखी, खांदे हलवून.

"मला ठाऊक नव्हतं अक्का. पाटीचं."

"तुला कसं ठाऊक असंल? सहा वर्साची हुतीस. दोन मेंढरं राखायला दिली तर तिसऱ्याच्या रानात घालून यायचीस. तू कामाची न्हवतीस म्हनून शाळंत गेलीस, तारे."

हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी आयुष्यभर समजत होते की मी हुशार होते म्हणून.

"राग येत नव्हता तुला?"

"यायचा की. तू नोकरीला लागलीस, पांढरी साडी नेसून आलीस, तवा लई आला. मंग तू आमच्या मुक्कामावर येऊन पोरांना टोचलंस. चार कोस चालत आली हुतीस. तवा गेला." तिनं धपाट्याचा आणखी एक तुकडा मोडला. "मंग आईच्या दहाव्याला परत आला. तो ऱ्हायला."

ती पुढं म्हणाली, "आईला म्या तीनदा म्हनलं दवाखान्यात जाऊ. गाडी बी बोलिवली हुती कृष्णराजनं. ती म्हनली, मला चार भिंतीत नको, वाघरीपाशी ठिव. माझ्या मांडीवर गेली. तू आलीस आन म्हनलीस, तुमा लोकांना कळत न्हाय. तुमा लोकांना! म्या कोन लोक, तारे?"

मी म्हणाले, "मी तसं बोलायला नको होतं."

"व्हय. नको हुतं."

एवढंच. तिनं उठून चूल पेटवली आणि चहा ठेवला. मी बसल्या जागेवरून तिला लाकडं देत होते. कप एकच होता. आधी ती प्याली, मग मी.

निघताना मी म्हणाले, "माझ्या वेबसाईटवर तुझं एक पान करते. तुझ्या नावाचं."

"तुज्यात नको," ती म्हणाली. "मला येगळी काडून दे. तुज्यात आलं की तू दुरुस्त करत बसशील."

गाडीत खिडकीला जागा मिळाली. बार्शीपर्यंत मी एकटीच हसत होते. शेजारच्या बाईनं सरकून बसून घेतलं.

१२ मार्च, बुधवार

सरांना सांगितलं: दुसरी वेबसाईट करायची. माझ्या बहिणीची. अक्षर कमीत कमी पाहिजे. जिला वाचता येत नाही तिला ती स्वतः उघडता, चालवता आली पाहिजे. आणि तिचा आवाज.

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "हे मला बी येत न्हाय, सिस्टर."

मग आम्ही दोघं शिकायला बसलो. चित्र दाबलं की आवाज सुरू झाला पाहिजे, एवढी साधी गोष्ट. तीन दिवस लागतील असं दिसतंय. मेंढीच्या चित्रावर बोट ठेवलं की मेंढरांविषयी, चुलीवर ठेवलं की स्वयंपाकाविषयी. विहिरीचं चित्र अक्कानं नको म्हणून सांगितलंय. म्हणाली, त्याचं काय कौतुक, शेळी पडली, काढली.

"माझ्याविषयी" पण नको म्हणाली. "मेंढरांविषयी ऐकलं की म्या कोन ते कळंल."

२४ मार्च, सोमवार

अक्काची वेबसाईट आज दुपारी सुरू झाली. वर तिचा फोटो, कोकरू मांडीत घेतलेला. नाव लिहिलेलं नाही. दाबलं की ती स्वतः सांगते. ती आता तुळजापूरच्या अंगाला सरकलीय. तिथून तिनं आवाज भरून पाठवला होता. पहिलंच रेकॉर्डिंग एक्केचाळीस मिनिटांचं.

सर म्हणाले, "सिस्टर, एवढं कुनी ऐकत न्हाय. पाच मिन्टाचं करू. मधली कुत्री, मेंढरं काढून टाकू."

मी म्हणाले, काहीही काढायचं नाही.

मग क्लासचा पंखा बंद केला आणि आम्ही लावून बघितलं. आधी वारा, मग घुंगरू, मग तिचा आवाज, अगदी शेजारी बसल्यासारखा:

"म्या दैवशाला. ईटची. बासष्ट वर्सं झाली, मेंढरामागं हाय. आता नीट ऐका. आदी मेंढरू कसं वळकायचं ते सांगते. मानसं मागनं."

आणि सुरू झाली. कानावरून, चालीवरून, खोकण्यावरून. मधेच कुणाला तरी ओरडली, मधेच पाणी प्याली, मधेच एक गाणं अर्धं म्हणून सोडून दिलं. एका ठिकाणी कोकराच्या खोकल्याचं औषध सांगितलं, ते मला पटलं नाही. माझं बोट आपोआप थांबवायच्या बटणाकडं गेलं, सरांना सांगायला, की हे असं नसतं.

बोट मागं घेतलं. सर खुर्ची ओढून बसले होते, डोळे मिटून. चार वाजून गेले, पुढच्या तासाची पोरं दारात येऊन उभी राहिली. सरांनी त्यांना हातानं गप्प बसायची खूण केली. ती पण बाकांवर बसली.

अक्का अजून बोलत होती.